मदत हवी आहे: लेक स्वतःशीच बोलते, थांबवायचं का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. माझी पाच वर्षांची लेक खेळताना, सँडलचा पट्टा लावताना सतत मोठ्यानं पुटपुटते. परवा ठोकळा बसेना, तर "इदि कादु, अदि" (हा नाही, तो) असं स्वतःलाच बजावत तिनं दुसरा उचलला. तो बरोबर बसला. बालवाडीच्या बाई म्हणतात, ही सवय मोडा, आणि बोलायचंच असेल तर मराठीत बोलू दे.

मला हे पटत नाही. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३४ सालीच मांडलंय की मुलांचं हे मोठ्यानं बोलणं पुढे आत वळतं, आणि त्यातूनच आपलं मनातलं बोलणं घडतं. काम अवघड झालं की ते वाढतं. मग तोंड बंद करायला लावलं तर तिचा विचार करायचा आधारच काढून घेतल्यासारखं नाही का? मोठी माणसंसुद्धा मुलाखतीआधी स्वतःला समजावतातच की!

तेलुगू किंवा कन्नड घरात वाढून मराठी शाळेत शिकलेल्यांनी कृपया सांगा: मनातल्या मनात हिशोब कुठल्या भाषेत करता? स्वतःवर चिडता कुठल्या भाषेत? शाळेमुळे ती भाषा बदलली का? आणि सोलापुरात तेलुगू समजणारे बालमानसतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? बाईंशी भांडायचं नाहीये, पण त्यांना नीट समजावून सांगायचंय.