मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सीईए (रक्तातला कॅन्सर-मार्कर) चढतोय, सीटी मात्र स्वच्छ

वडील, वय ६८. गेल्या वर्षी उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब काढला. अ‍ॅडिनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार), स्टेज १बी, लिम्फ नोड निगेटिव्ह, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ. ईजीएफआर (कॅन्सरमधला जनुकीय बदल) निगेटिव्ह, केमो दिली नाही.

सीईए ऑपरेशनआधी १४.२ होता, नंतर ३.१ वर आला. पुढे ५.६, आणि आता ७.४. छातीचा आणि पोटाचा सीटी कॉन्ट्रास्टसह झालाय, नवीन काही दिसलं नाही.

तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते: सिगारेट सुटली आहे. तंबाखूनेही सीईए वाढू शकतो, आणि मशेरी चोरून चालू असावी असा आईला संशय आहे (डबी सापडली, कबुली नाही). लिव्हर, क्रिएटिनिन, थायरॉइड नॉर्मल. शेवटची तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये झाली. पद्धत वेगळी असली तर आकडे थेट ताडता येत नाहीत, म्हणून जुन्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. सायफ्रा २१-१ (दुसरी मार्कर तपासणी) ऑपरेशनआधी केलीच नव्हती, त्यामुळे आता तुलना कशाशी करणार?

सर्जन म्हणतात तीन महिने थांबा, ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात पेट-सीटी (शरीरभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) करून टाका. विम्याची रक्कम संपली आहे, खर्च खिशातून. जगण्याचे टक्के कृपया लिहू नका, वडीलही हे वाचतात.

सीटी स्वच्छ असताना सीईए असा हळूहळू चढला, तेव्हा तुमच्याकडे लगेच पेट-सीटी केला की आधी सीईए पुन्हा पाहिला, आणि किती अंतराने? कुणाचा तो आपोआप खाली आला असेल, तर कारण काय निघालं?