जोरात वाहणाऱ्या नदीत दोघांनी मासे पकडायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

निळीरेघ
नमस्कार मंडळी, मी आणि नवरा दोघंही गळाने मासे धरायला शिकतोय, तळ्याकाठी बसून फ्लोटवर लक्ष ठेवणं जमायला लागलंय. आता दिवसभर नदीवर जायचं ठरलंय आणि तिला भयंकर ओढ आहे, मधे मोठमोठे खडक, पांढरं फेसाळ पाणी. अशा धारेत मासे थांबतात तरी कुठे? गळ टाकल्या टाकल्या वाहून जाणार ना? आणि ह्याला पाण्यात उतरून गळ टाकायचाय, मला पोहता येतं पण तिथे उतरायची मनापासून भीती वाटते. रॉड एक घ्यावा की दोन? प्लीज सविस्तर सांगा, दोघांनाही खूप उत्सुकता आहे.

खडकाआड
पहिली गोष्ट, वेगवान नदीत मासे वेगवान पाण्यात नसतात हो, म्हणजे फार थोडे असतात. त्यालाही दिवसभर धारेशी झुंजायला परवडत नाही, म्हणून तो खडकाच्या मागे, कधी खडकाच्या पुढ्यातसुद्धा, नाहीतर काठाखालच्या पोकळीत अशा संथ जागी पाणी जिकडून येतं त्या वरच्या बाजूला तोंड करून थांबतो आणि शेजारच्या धारेतून खाणं वाहत आलं की पटकन बाहेर येऊन टिपतो. त्यामुळे जिथे जोराचं आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं ना ती रेघ शोधा, बऱ्याचदा तिथून फेस लांबट पट्ट्यासारखा वाहत असतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होते आणि तळ दिसतो.

गळ त्या जागेवर टाकायचा नाही, तिच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि पाण्याच्या वेगानेच खाली येऊ द्यायचा. मधल्या जोरदार पाण्यावर लाईन पडली की ती आमिषाला ओढून नेते, आणि असं पळणारं आमिष माशाला लगेच खटकतं. म्हणून रॉडचं टोक वर धरा, लाईन पाण्यावर जितकी कमी तितकं चांगलं, आणि लांब फेकण्यापेक्षा काठाकाठाने जवळ जा. खळखळाटामुळे माशालाही आपली चाहूल कमी लागते, बऱ्यापैकी जवळ जाता येतं. शिशाचं वजन मधूनमधून तळाला टकटक लागलं पाहिजे, कधीच लागत नसेल तर थोडं वाढवा, दर वेळी दगडात अडकत असेल तर कमी करा.

ओलीवाट
मी फक्त उतरण्याबद्दल बोलते कारण बाकी वरती छान सांगितलंय. ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे, ती बाजूला सारू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाणीसुद्धा उभ्या माणसाला पाडू शकतं. पहिल्या दिवशी दोघांनीही काठावरूनच करा, मासे काठाजवळही असतातच. पुढेमागे उतरायचं झालं तर हातात भक्कम काठी, प्रवाहाकडे छाती किंवा पाठ नाही तर अंगाची एक बाजू, पाय न उचलता सरकवत चालायचं, आणि अंगात लाईफ जॅकेट. पडलात तर धारेत लगेच उभं राहायला जाऊ नका, पाय दगडांच्या फटीत अडकला तर पाणी वरून दाबून धरतं, उताणं होऊन पाय पाणी वाहत जातं त्या दिशेला ठेवायचे आणि हातांनी काठाकडे सरकायचं. वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते आधीच विचारा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या पालापाचोळा वाहून यायला लागला की सामान सोडून वर चढायचं, नवऱ्याला हे वाचायला द्याच.

डोहकर
दोन रॉड न्या असं बरेच जण सांगतील, माझं मत एकच न्या. एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने जरा वरच्या बाजूला उभं राहून पाणी वाचायचं, आमिष कुठून गेलं, कुठे ओढलं गेलं ते सांगायचं. स्वतःच्या हातात रॉड असताना हे दिसतच नाही, लक्ष सगळं हातात असतं. शिवाय नवख्या दोघांनी शेजारी शेजारी टाकलं की लायनी एकमेकींत गुंततात आणि निम्मा वेळ गाठी सोडवण्यात जातो. थोड्या थोड्या वेळाने पाळी बदला. फक्त एक करा, फेकणाऱ्याच्या पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही, गळ मागे जाताना डोळ्याला लागू शकतो, गॉगल दोघांनाही हवाच. आणि त्या नदीवर परवाना लागतो का, कुठल्या काळात मासेमारी बंद असते हे निघण्याआधी बघून घ्या.

निळीरेघ
मनापासून धन्यवाद सगळ्यांना! काठावरूनच करायचं ठरलं, तोही तयार झालाय. एक राहिलं, आम्हाला मासा परत सोडायचाय, धारेत नुसता सोडला तर जगेल का?

खडकाआड
धारेत नको, काठाजवळच्या संथ पाण्यात सोडा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका म्हणजे गळ सहज निघतो, पण मग मासा लागल्यावर लाईन ढिली पडू देऊ नका. त्याला फार वेळ खेळवू नका, दमून जातो. हात ओले करूनच धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरून ठेवा, स्वतः शेपटी मारून निघाला की हात काढा. फोटो काढायचा असेल तर मासा पाण्यातच ठेवा आणि दुसऱ्याने कॅमेरा आधीच तयार ठेवा.