गुप्तहेर चिरंजीवांसाठी पुस्तकं सुचवा

वनिता_ठाणे: आमच्या चिरंजीवांना हेरगिरीचं खूळ लागलंय. कुणाची चप्पल हरवली की हा वही घेऊन जिन्यात हजर. वॉचमनकाकांचा जबाबसुद्धा झालाय! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाठ आहे, ट्टॉकसकट. आता पुढे काय देऊ? खूनबिन नको, आणि चोर पकडायला शेवटी बाबाच धावून येतात असलं तर मुळीच नको.

पुस्तकी_किडा: एरिश केस्टनरचा एमिल द्या. १९२९ चं जर्मन पुस्तक. आई लोकांचे केस धुऊन संसार चालवते. तिने दिलेले १४० मार्क, शंभराची एक आणि विसाच्या दोन नोटा, एमिल कोटाच्या आतल्या खिशात टाचणीने टोचून ठेवतो. बर्लिनच्या गाडीत डोळा लागतो नि पैसे गायब! मग शहरातली पोरं चोराच्या मागे लागतात. माझा लाडका छोटा डीन्स्टाग. बाकीचे रस्त्यावर धमाल करतात, हा बिचारा घरी फोनपाशी बसून निरोप घेतो. टाचणी लक्षात ठेव म्हणावं, जास्त सांगत नाही.

जुना_पेठकर: फेमस फाइव्ह आहेतच, २१ पुस्तकं. पण त्यात तपास कमी आणि डबे खाणं जास्त, असं माझं मत. भूक मात्र सॉलिड लागते.

वनिता_ठाणे: @किडा, एमिल इंग्रजीत मिळेल ना?

पुस्तकी_किडा: मिळतं की. वाल्टर ट्रिअरची चित्रं असलेलीच प्रत घ्या.