सोचीत युना किमवर अन्याय झाला का? की कलेचे मार्क असेच असतात?

ठाण्याची_शलाका:

नमस्कार मंडळी. काल रात्री झोप येईना म्हणून परत एकदा २०१४ च्या सोची ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगचं लेडीज फ्री स्केट (दोन फेऱ्यांपैकी दुसरी, मोठी) लावलं आणि परत तेच, पोटात तुटलं. कोरियाची युना किम सगळ्यात शेवटी येते, टँगोवर अख्खा प्रोग्राम एकही चूक न करता करते, कुठे एक हातसुद्धा उगाच हललाय असं वाटत नाही, आणि मग स्कोअर येतो १४४.१९. रशियाच्या आडेलिना सोत्निकोव्हाला त्याच फ्री स्केटला १४९.९५, आणि तिचे एका जंप कॉम्बिनेशनच्या शेवटी दोन्ही पाय टेकलेले सगळ्यांनी बघितलेत. टोटल २२४.५९ विरुद्ध २१९.११, सोनं सोत्निकोव्हाला. शॉर्ट प्रोग्रामनंतर (पहिल्या, छोट्या फेरीनंतर) युना पुढे होती, अगदी ०.२८ ने का होईना.

माझा भाऊ म्हणतो ताई तू फॅन आहेस म्हणून तुला तसं दिसतं, सोत्निकोव्हाने जास्त अवघड जंप मारल्या, जास्त मार्क मिळाले, विषय संपला. मला तसं म्हणवत नाही. पण मी स्वतः कधी बर्फावर पाय ठेवलेला नाही, शाळेत तीन वर्षं मल्लखांब केला तेवढंच, तिथे सफाई म्हणजे काय ते कळायचं. म्हणून ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारते. ही फसवणूक होती की नियमातच हे बसतं? आणि कला म्हणून जे वेगळे मार्क असतात ते नक्की कशाचे देतात?

आकडेमोड:

शलाकाताई, तुमचा भाऊ निम्मा बरोबर आहे. मी प्रोटोकॉलची (अधिकृत मार्कांची) शीट परत उघडून बसलोय त्यामुळे आकडे समोर आहेत. फ्री स्केटमध्ये टेक्निकलला (जंप-स्पिन-स्टेप्सच्या मार्कांना) सोत्निकोव्हाला ७५.५४ आणि युनाला ६९.६९, म्हणजे ५.८५ चा फरक, आणि सगळं सोनं तिथेच आहे. त्यातले जवळपास ४ तर निव्वळ बेस व्हॅल्यूचे (प्रत्येक गोष्टीच्या अवघडपणाचे ठरलेले मार्क), म्हणजे जजने काही मत द्यायच्या आधीच. सोत्निकोव्हाच्या ७ ट्रिपल (हवेत तीन गिरक्यांच्या जंप) होत्या, युनाच्या ६. युनाच्या प्रोग्राममध्ये ट्रिपल लूप (लूप, अ‍ॅक्सल, टो, लुट्झ ही जंपची नावं) नव्हतीच, आणि सोत्निकोव्हाने डबल अ‍ॅक्सलला ट्रिपल टो जोडली तिथे युनाने डबल अ‍ॅक्सलनंतर दोन डबल केल्या. शिवाय स्टेप सिक्वेन्सला (पावलांच्या सलग भागाला) सोत्निकोव्हाला अवघडपणाची लेव्हल ४ आणि युनाला ३. लेव्हल सोडली तर जंपचं हे सगळं दोघी रिंकवर यायच्या आधीच कागदावर दिसत होतं, म्हणजे सोत्निकोव्हा स्वच्छ स्केट झाली तर युनाला जिंकणं जड जाणार हे गणित कुणीही मांडू शकला असता.

२०१० ला व्हँकुव्हरला हेच उलटं झालं होतं. पुरुषांमध्ये रशियाच्या प्लुशेंकोने क्वाड (चार गिरक्यांची जंप) मारली, अमेरिकेच्या लायसाचेकने मारलीच नाही, तरी २५७.६७ विरुद्ध २५६.३६ ने लायसाचेक जिंकला, कारण बाकीचा प्रोग्राम त्याने नीट भरून काढला होता. तेव्हा प्लुशेंकोच्या बाजूने आरडाओरड करणारे वेगळे, आता युनाच्या बाजूने करणारे वेगळे. नियम तोच आहे, एकेका गोष्टीचे मार्क जोडायचे. जुन्या, ६.० पैकी मार्क द्यायच्या जमान्यात जज एकूण छाप बघून नंबर लावायचे, आता बेरीज होते. बेरजेत जो जास्त वस्तू टोपलीत टाकेल त्याची टोपली जड.

रिंकसाइड:

आकडेमोड, टेक्निकलचं पटलं. पण तुम्ही अर्धीच शीट वाचून दाखवलीत. खालचा अर्धा भाग बघा ना, कंपोनंट्स. युना ७४.५०, सोत्निकोव्हा ७४.४१. त्या वेळी पाच कंपोनंट होते, प्रत्येकी १० पैकी, आणि फ्रीला बेरजेला १.६ ने गुणायचं, म्हणजे जास्तीत जास्त ८०. सरासरी काढली तर एकीला साधारण ९.३१ आणि दुसरीला ९.३०. आता मला सांगा, स्केटिंग स्किल्स, ट्रान्झिशन्स, परफॉर्मन्स, कोरिओग्राफी, इंटरप्रिटेशन, पाचही धरून या दोघी एकसारख्या? १७ वर्षांची, जी महिनाभर आधी युरोपियन चॅम्पियनशिपला २०२.३६ वर दुसरी आली होती ती? कंपोनंट म्हणजे कलेचे आणि स्केटिंगच्या दर्जाचे मार्क, ते महिनाभरात इतके वर चढत नाहीत हो, जंप चढतात, तब्येत चढते, पण एज (पात्याच्या कडेवरचा झुकाव) एका महिन्यात खोल होत नाहीत. माझी तक्रार सोन्याबद्दल कमी आहे आणि त्या ९.३० बद्दल जास्त.

आणि पॅनेल. नऊ जणांत एक अल्ला शेखोव्त्सेवा, रशियन फेडरेशनचे त्या वेळचे डायरेक्टर जनरल व्हॅलेंटिन पिसेयेव यांची पत्नी. दुसरे युक्रेनचे युरी बाल्कोव, ज्यांच्यावर १९९८ च्या नागानोच्या आइस डान्स प्रकरणात एक वर्षाची बंदी आली होती. टेक्निकल कंट्रोलरही (जंप आणि लेव्हल ठरवणाऱ्या पॅनेलचा प्रमुख) रशियन. यांनी चोरी केली असं मी म्हणत नाही, ते सिद्ध झालेलं नाही, कोरियाची तक्रारही आयएसयूने (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने) फेटाळली. पण त्यांना त्या खुर्चीत बसवलंच का? गल्लीतल्या वक्तृत्व स्पर्धेत पण परीक्षकाचा पुतण्या स्पर्धक असेल तर परीक्षक बदलतात.

आणखी एक, सगळे म्हणतात की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मार्क उडवतात मग एकट्या जजने काय फरक पडणार. पडतो. समजा कुणी मुद्दाम १० दिला. तो उडाला. पण तो नसता तर कुणाचातरी प्रामाणिक ९.५० वरचा म्हणून उडाला असता, तो आता सरासरीत राहिला. म्हणजे उडालेला मार्कसुद्धा आपलं काम करून गेलेला असतो.

आकडेमोड:

हा शेवटचा मुद्दा भारी, असा विचार केला नव्हता, मान्य. कंपोनंटच्या बाबतीतही मी वाद घालणार नाही. माझ्या मते गोम अशी आहे की कंपोनंट जंपच्या मागे मागे फिरतात. स्वच्छ सात ट्रिपल पडल्या, पब्लिक उभं राहिलं, की इंटरप्रिटेशनचा आकडा पण वर. होम क्राउड होता, तो आवाज जजच्या पण कानात जातोच. यात कट असायची गरज नाही, नऊ माणसं आहेत, चार मिनिटांत जंपपण बघायच्या, प्रत्येकीला जीओईपण (ती किती चांगली झाली त्याचा मार्क) द्यायचा आणि वर पाच कंपोनंटपण. डोक्यात शेवटी एकच आकडा तयार होतो आणि तोच पाच ठिकाणी थोडा इकडेतिकडे करून लिहिला जातो. म्हणून मला वाटतं दोन वेगळी पॅनेल हवीत, एकाने फक्त जंप-स्पिन बघायचे, दुसऱ्याने फक्त कंपोनंट. हे कितीतरी लोक वर्षानुवर्षं मागतायत. त्याऐवजी २०२२ पासून पाचाचे तीन कंपोनंट केले, कंपोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स. कागद कमी झाला, माणसं तीच.

रिंकसाइड:

दोन पॅनेलला जोरदार अनुमोदन. पण त्याआधी नावं उघडी ठेवणं महत्त्वाचं होतं आणि ते व्हायला किती वर्षं लागली बघा. २००२ ला सॉल्ट लेक सिटीला पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) फ्रेंच जजवर दबाव आणल्याचं प्रकरण झालं, रशियाच्या बेरेझनाया-सिखारुलिद्झे आणि कॅनडाच्या साले-पेल्तिए दोघांनाही सोनं द्यावं लागलं, त्या जजवर आणि फ्रेंच फेडरेशनच्या अध्यक्षांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. आणि उपाय काय केला? मार्कांसमोरची जजची नावं लपवली! म्हणे कुणाने कुणाला किती दिले कळलंच नाही तर दबाव कोण आणणार. अहो पण मग पकडणार तरी कोण? डार्टमथचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी आकडे तपासले तर नावं लपवल्यावर आपल्या देशाला झुकतं माप कमी झालेलं नव्हतं, उलट वाढलेलं दिसलं. सोचीत म्हणूनच आजही सांगता येत नाही की कुठला रकाना कुणाचा.

२०१६ ला नावं परत उघडी केली आणि लगेच परिणाम दिसला. २०१८ च्या प्योंगचांगनंतर दोन चिनी जज आपल्या खेळाडूंना वाढवून मार्क दिल्याबद्दल निलंबित झाले, बीजिंग ऑलिंपिकलाही त्यांना मनाई झाली. रकान्यासमोर नाव होतं म्हणून झालं. सोचीच्या शीटवर नावं असती तर शलाकाच्या प्रश्नाला आज हो किंवा नाही असं उत्तर देता आलं असतं, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

टोरांटोतली_आई:

मी इथे सहसा वाचनमात्र असते पण आज राहवेना. माझी लेक नऊ वर्षं इथल्या क्लबात स्केट करते, सकाळी साडेपाचला रिंकवर बसून बसून मला थोडंफार दिसायला लागलंय, ते सांगते. जज नाहीये मी, आईच आहे.

शलाका, तू विचारलंस ना की कलेचे मार्क कशाचे देतात. मला आधी वाटायचं चेहऱ्यावरचे भाव, हातांची नजाकत, ड्रेस, संगीत. तसं नाहीये, निदान स्केटिंग स्किल्स म्हणून जे असतं ते सगळं गुडघ्याच्या खाली असतं. चांगला स्केटर ढकलल्यासारखा दिसत नाही आणि तरी वेग वाढत जातो. एज खोल असली की पात्याचा आवाज पण वेगळा येतो, खरवडल्यासारखा नाही, एक सलग फाडल्यासारखा. टीव्हीवर हे निम्मं मरतं, कॅमेरा स्केटरबरोबर फिरतो त्यामुळे वेग कळतच नाही. प्रत्यक्ष रिंकवर जी मुलगी मध्यम वाटली ती व्हिडिओत छान वाटते आणि उलटंही होतं. त्यामुळे आपण घरी बसून कंपोनंटवर भांडतो तेव्हा आपल्याला एक गोष्ट कमीच दिसलेली असते हे मी आता कबूल करते.

एक करून बघ. आवाज पूर्ण बंद कर, जंप येतील तिथे नजर काढून घे, आणि दोन जंपच्या मधे पाय काय करतायत तेवढंच बघ. साधे क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वेग घेणं) किती, दोन्ही पायांवर नुसतं सरकणं किती, आणि एका पायावर दिशा बदलत जाणं किती. आमच्या कोचने हे शिकवलं. लेकीला एका लोकल स्पर्धेत कंपोनंट कमी पडले आणि घरी येऊन ती खूप रडली, मला पण जजचा रागच आला होता. कोचने तिला समोर बसवून तिचाच व्हिडिओ असा म्यूट करून दाखवला. अर्ध्या प्रोग्रामभर ती फक्त पुढच्या जंपची वाट बघत क्रॉसओव्हर मारत होती. एरवी मी शंभरदा बघितलेला व्हिडिओ, मला दिसलंच नव्हतं.

पण रिंकसाइड म्हणतायत ते पण खरंय. तिच्या शीटवर जजचं नाव होतं म्हणून कोचला जाऊन नीट विचारता आलं.

आकडेमोड:

ताई, काय सुंदर लिहिलंयत. रच्याकने, २०१८ च्या प्योंगचांगचं झागितोव्हा-मेदवेदेवा (दोघी रशियन) याच चष्म्यातून बघण्यासारखं आहे. फ्रीला दोघींना १५६.६५, बरोब्बर सारखे, मेदवेदेवाचे कंपोनंट जास्त आणि झागितोव्हाचे टेक्निकल, आणि शॉर्टच्या जोरावर झागितोव्हा १.३१ ने जिंकली. तिने सगळ्या जंप दुसऱ्या अर्ध्यात ठेवल्या होत्या कारण तिथे १० टक्के बोनस होता. पहिला अर्धा भाग नुसता स्टेप्स आणि स्पिनचा. प्रोग्राम म्हणून ते मला लंगडं वाटलं होतं, पण नियमात बसत होतं आणि तिने ते सगळं उतरवून दाखवलं. त्यानंतर नियमच बदलला, आता फ्रीला शेवटच्या तीन जंपनाच बोनस मिळतो.

ठाण्याची_शलाका:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. भावाला धागा पाठवलाय, तो म्हणाला टेक्निकलचं मी म्हणालोच होतो, मी म्हटलं खालचा अर्धा भाग पण वाच.

टोरांटोच्या ताई, मी तुम्ही सांगितलंत तसं रात्री बसून केलं. आवाज बंद, जंपला नजर बाजूला. युना ट्रिपल लुट्झला जाताना जो वेग घेते तो आधी कधी असा जाणवलाच नव्हता. सोत्निकोव्हा मला वाटत होती त्यापेक्षा बरीच बरी दिसली, हे पण लिहिते, स्पिन तर छानच. तरी दोघींचे आकडे एकसारखे व्हावेत असं मला अजूनही वाटत नाही.

पण खरं सांगू का, म्यूट करून बघताना मी अडकले ती इटलीच्या कॅरोलिना कोस्टनरवर. सोचीचं ब्राँझ, २१६.७३. दहा वर्षांत मी तो प्रोग्राम नेहमी मधे येतो म्हणून पुढे ढकलत आले होते. काल आवाज नसताना पण कळत होतं की संगीत हळूहळू चढतंय, तिच्या पायांवरूनच कळत होतं. तीनदा बघितला. तिचं २०१२ चं नीसचं वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकलेलं फ्री स्केट कुणाकडे चांगल्या प्रिंटमध्ये असेल तर प्लीज सांगा, मला मिळालं ते फार धूसर आहे, पायच दिसत नाहीत.