मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन मुन्नार, फेब्रुवारी की एप्रिल?

वणीकडचा:
नमस्कार मंडळी. आई-बाबांना चहाचे मळे दाखवायचे आहेत. मागे चिखलदऱ्याला कॉफीची झाडं पाहिली, तेव्हापासून बाबांनी धरलं आहे, "जन्मभर चहा पेतो, झाड कसं असते ते तरी पाहू." मुन्नार निवडलं, कारण केरळ एक्सप्रेस बल्लारशाहून मिळते आणि मुन्नारला जायला सोयीच्या आलुवा स्टेशनला थेट उतरता येतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गाडी बदलायची भानगड नको.

अडचण वेळेची आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, मग कापसाची वेचणी, जानेवारीत तूर, त्यामागे हरभरा. हाती चार पैसे येतात तेही कापूस विकल्यावर. म्हणून फेब्रुवारीचा शेवट धरला होता. आता कोणीतरी सांगितलं की मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान नेमकं तेव्हाच बंद असतं. खरं आहे का? एप्रिल म्हटलं तर इकडे लग्नसराई, आणि तिकडे थंडावा कितपत राहतो कोण जाणे.

बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालतात, चढ नको. आईला घाट लागतो. झिपलाइन, हत्तीवर बसणं वगैरे काही नको. मळ्यात माणसं काम कशी करतात, हे बाबांना पाहायचं आहे. बाकी सगळं दुय्यम.

धामणगावकर:
उद्यानाचं खरं आहे. निलगिरी ताहर म्हणजे तिथल्या रानबकऱ्या, त्यांचा विण्याचा हंगाम असतो. साधारण फेब्रुवारी-मार्च बंद, नेमक्या तारखा वनखातं दरवर्षी जाहीर करतं. पण तुमच्या बाबांचं त्यात फार काही बुडत नाही. वनखात्याच्या बसनं वर नेतात आणि पुढे चढाचा रस्ता पायी असतो. नीलकुरिंजीच्या निळ्या फुलांसाठीही थांबू नका. ती 12 वर्षांनी फुलते, 2018 ला फुलली, आता थेट 2030.

मुन्नारची खरी मजा रस्त्यांत आहे, गाडीतूनच दिसते. एक दिवस टॉप स्टेशनचा रस्ता धरा. माट्टुपेट्टी धरण, एको पॉइंट, कुंडला तलाव हे सगळं त्याच वाटेवर लागतं. शेवटपर्यंत 32 किलोमीटरच्या आसपास. सकाळी लवकर निघा, उशीर झाला की धुकं चढतं आणि पैसे देऊन पांढरा पडदा पाहावा लागतो. टॉप स्टेशनला दरी पाहायची जागा बरीच खाली आहे. उतरताना बरं वाटतं, परत चढताना गुडघे बोलतात. बाबांना वरच्या टपरीवर बसवा.

मळे कंपनीचे आहेत, वाटेल तिथे आत शिरू नका. रस्त्याला लागून तोडणी चालू दिसली की गाडी थांबवा, विचारा, बांधावरून पाहा. चहाचं संग्रहालयही आहे, नल्लतण्णीला. जुनी यंत्रं आहेत, पानाची पावडर कशी होते तेही दाखवतात. सोमवारी बंद असतं, त्या हिशेबानं दिवस लावा.

वणीकडचा:
धन्यवाद भाऊ. बाबा विचारतात, फोटोत झाडं कमरेएवढीच कशी? आणि सगळी उतारावरच काहून?

धामणगावकर:
छाटून छाटून तेवढी ठेवतात, हाताला तोड सोपी जावी म्हणून. मोकळं सोडलं तर चांगलं झाड होतं. पाऊस भरपूर लागतो, पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून उतार. मधूनमधून उंच दिसतात ते सिल्व्हर ओक, सावलीसाठी लावलेले. बाबांना अजून एक सांगा. तिथले बहुतेक मळे जिच्याकडे आहेत ती कंपनी 2005 पासून अशी चालते की मळ्यातले कामगार तिचे भागधारक आहेत. आपल्याकडच्या जिनिंगवाल्यांना हे ऐकवायला पाहिजे.

पुसदची सून:
दादा, आईंसाठी सांगते. आलुवा ते मुन्नार 110 किलोमीटर, पण चार तास धरा. गाडीतून उतरल्या उतरल्या घाटाला लागू नका. रात्र आलुव्यात काढा, सकाळी हलकं खाऊन निघा, आईंना पुढच्या सीटवर बसवा. घाटाची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. नेरियामंगलमचा पूल ओलांडला की घाट सुरू. पुढे चियप्पारा आणि वालरा धबधबे रस्त्यालगतच आहेत. फेब्रुवारीत पाणी कमी असेल, पण थांबायला जागा छान.

जेवणाचं म्हणाल तर सासूबाईंना खोबरेल तेलातली भाजी आणि तो जाड तांदूळ उतरला नाही. मळ्यांत तमिळ लोक पुष्कळ, त्यामुळे इडली-डोसा मात्र सगळीकडे मिळतो. जवसाची चटणी आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या घरूनच न्या.

आर्णीवाला:
बाप्पा, एवढं मुन्नार-मुन्नार कायले करता? त्याच गाडीनं कोइंबतूरले उतरा अन् उटी-कुन्नूर पाहा. मेट्टुपालयमहून दातेरी रुळावरची छोटी रेल्वे वर जाते, घाटात गरगरत नाही. चहा तिथंही हाय. तिकीट मात्र आधी काढा, गाडी लहान हाय अन् गर्दी लय.

वणीकडचा:
आर्णीवाले भाऊ, उटी आईला आवडेल, पण यंदा मुन्नारच. रानबकऱ्या नाही दिसल्या तरी बाबांची तक्रार नाही, म्हणून फेब्रुवारीचा शेवट पक्का. एप्रिलमध्ये विषू, म्हणजे केरळचा नववर्षाचा सण, आणि तिकडच्या शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी असते म्हणे, शिवाय आमच्या घरातच एक लग्न आहे. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा डिसेंबरच्या शेवटी तिकिटं काढतो.

आता दोनच गोष्टी सांगा. संध्याकाळी स्वेटर पुरतं की आईला कानटोपी-शाल लागेलच? आणि आलुव्याहून सरकारी बसनं नेलं तर आईला जमेल, की वाटेत हवं तिथे थांबता यावं म्हणून टॅक्सीच करावी?