अनुभव धागा: सॉफ्टवेअरच्या मुलाखती आणि मनस्ताप

पुण्या-बंगळूरच्या मुलाखतींसाठी गोव्यातून रात्रीची बस धरण्याचे दिवस बऱ्याच अंशी सरले असून पहिल्या फेऱ्या आता घरूनच होतात, तरी मनस्ताप काही सरलेला नाही. आपल्याला खटकलेली मुलाखत कंपनीचे नाव न घेता, पण नेमके काय घडले ते सांगून, येथे लिहावी. सुरुवात मीच करतो.

फोंडा
तिसऱ्या फेरीत मला बायनरी सर्च लिहायला सांगितले. क्रमाने लावलेल्या यादीचा मध्य पाहून दरवेळी निम्मी यादी बाद करायची, म्हणून १० लाख नोंदींतही जास्तीत जास्त २० तुलना पुरतात, हे मी समजावले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या ‘गिट बायसेक्ट’ने हजारेक कमिटांतून, म्हणजे नोंदलेल्या बदलांतून, बिघाड आणणारा कमिट दहाएक चाचण्यांत शोधतो, तेही याच तत्त्वावर, हेही सांगितले. कॅमेरा बंद ठेवून बसलेल्या गृहस्थांना मात्र फक्त कोड हवा होता आणि तो चालवून पाहण्याची सोय नव्हती. लूपच्या अटीत ‘लहान किंवा समान’ऐवजी मी नुसते ‘लहान’ लिहिले, त्यामुळे शेवटी उरलेला एकुलता घटक तपासलाच गेला नसता. चूक माझीच. पण कामावर एका साध्या टेस्टने ती तत्काळ पकडली असती, आणि येथे तिच्यावरच मुलाखत संपली.

म्हापसा
‘दोन-तीन तासांचे काम’ म्हणून मला आलेल्या असाइनमेंटमध्ये लॉगिन, कार्ट, टेस्ट आणि वर डॉकरही (ॲप कुठेही तसेच चालावे म्हणून ते बांधून देण्याचे साधन) होते. चतुर्थीचे दिवस, बाहेर सगळे गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधत होते आणि मी आतल्या खोलीत कार्टमधला बग शोधत होते. तीन रात्री गेल्या. पाठवल्यावर दोनदा विचारणा केली, उत्तर नाही. महिन्याभराने त्याच कंपनीच्या एचआरचा त्याच जागेसाठी फोन आला, आणि ‘आपण यापूर्वी कधी अर्ज केला होता का?’ असे त्यांनी मलाच विचारले.

डिचोली
ताई, यापुढे असाइनमेंट घेण्याआधी ती कोण तपासणार आणि त्यावर चर्चा होणार का, हे मेलवर विचारून घ्या. मी तसे विचारल्यावर एका ठिकाणी असाइनमेंटच रद्द झाली. माझे दुखणे नोटीस पिरियडचे, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या नोकरीत काढाव्या लागणाऱ्या दिवसांचे. पहिल्याच फॉर्ममध्ये ९० दिवस लिहिले होते, तरी पाच फेऱ्या झाल्यावर ‘आम्हाला ३० दिवसांत माणूस हवा’ असे कळवण्यात आले. तो फॉर्म त्यांनी दुसऱ्या फेरीआधी माझ्याकडून पुन्हा भरून घेतला होता.