‘थुंकी’, ‘लाळ’ आणि ‘बेडका’ : क्षयाचे निदान नेमके कशावरून?

प्रश्न : क्षयरोगाचे निदान आता लाळेवरूनही करता येईल, अशा आशयाचा मजकूर वाचनात आला. आमच्या परभणीकडे आशाताई ‘थुंकी तपासून घ्या’ असे सांगतात, तर प्रयोगशाळेत ‘बेडका’ हा शब्द कानावर येतो. हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत. लाळ हा तोंडातल्या ग्रंथींतून आपोआप पाझरणारा पातळ स्राव आहे. हा शब्द संस्कृत ‘लाला’वरून आला. तान्ह्या बाळाचे लाळेरे तिच्यासाठीच असते आणि गोठ्यातल्या लाळ्या-खुरकूत रोगाचे नावही तिच्यावरूनच पडले. बेडका मात्र छातीतून खोल खोकून वर काढावा लागतो आणि तो घट्ट व चिकट असतो. ‘थुंकी’ हा शब्द थुंकण्याच्या क्रियेशी बांधलेला असल्यामुळे तोंडातून बाहेर पडणारे सगळेच त्यात मावते, आणि घोटाळा होतो तो इथेच. ‘थुंकी द्या’ म्हटल्यावर पुष्कळ जण तोंडातले पाणीच डबीत टाकतात. फुप्फुसातल्या क्षयाचे जंतू मुख्यतः बेडक्यात असतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० तरी असावे लागतात. म्हणून अशा पाण्याचा अहवाल निर्दोष आला तरी त्यावर विसंबता येत नाही. ‘कफ’ म्हणावे, तर तो आयुर्वेदातला दोषही असल्याने अर्थ आणखीच पसरतो. आपल्याकडच्या उर्दू बोलणाऱ्या घरांत या बाबतीत संदिग्धता नाही : ते बेडक्याला ‘बलगम’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘फ्लेग्मा’त आहे.

प्रतिप्रश्न : मग मूळ मजकुरातली ‘लाळ’ हीसुद्धा चूकच समजायची का? २०२० साली कोरोनाच्या काळात नाकातून आणि घशातून घेतलेल्या स्रावालाही वर्तमानपत्रांनी सर्रास ‘लाळेचे नमुने’ म्हटले होते.

उत्तर : या वेळी शब्द बरोबर असू शकतो. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट यांसारख्या चाचण्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात आणि त्यांना सूक्ष्मदर्शकापेक्षा कितीतरी कमी जंतू पुरतात; त्यामुळेच लाळेत, तसेच जिभेवरून फिरवलेल्या बोळ्यावर, तो अंश सापडतो का, याचा अभ्यास चालू झाला. लहान मुले बेडका बाहेर न टाकता गिळतात (म्हणून त्यांच्या शौचाचीही तपासणी करता येते) आणि अशक्त रुग्णांना तो काढणे जमत नाही. अशांसाठी हा मार्ग सोयीचा आहे, परंतु बेडक्याच्या तुलनेत लाळेतून अधिक रुग्ण निसटतात. जिभेवरून घेतलेल्या नमुन्याला मात्र ‘लाळ’ न म्हणता ‘जिभेवरचा नमुना’ म्हणावे, कारण त्या बोळ्यावर जिभेच्या पृष्ठभागावरचा थरही येतो.

‘बेडका’ कानाला ओंगळ वाटतो आणि ‘थुंकी’ त्यामानाने सभ्य, म्हणून कर्मचारी दुसरा शब्द पसंत करत असावेत, असा माझा तर्क आहे. तरीही डबी हातात देताना ‘सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढलेला बेडका’ एवढे पूर्ण सांगावे.